जोडीदार गेल्यानंतरचं पहिलं वर्ष: कुठला कागद आधी, कुठली सही नंतर

हिशेबनीस

नवरा किंवा बायको अचानक गेल्यावर मागे राहिलेल्या माणसाने काय करावं, हा प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्याने येतो. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. बँक, विमा, पीएफ, शेतजमीन, सोसायटी, तब्येत, ज्याला ज्यातलं नेमकं ठाऊक आहे त्याने ते लिहावं. सांत्वन भेटायला येणारे करतातच, इथे उपयोगी माहिती हवी.

सुरुवात मी करतो. दिवसकार्य व्हायच्या आतच घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो आणि सगळंच तातडीचं वाटायला लागतं. खरी मुदत मोजक्याच कामांना असते:

मृत्यूची नोंद २१ दिवसांत. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते, पुढे वर्षभरापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की प्रकरण दंडाधिकाऱ्यांकडे जातं. नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथल्या कार्यालयात, राहत्या गावी नाही. माणूस साताऱ्याचा आणि गेला पुण्याच्या रुग्णालयात, तर दाखला पुणे महापालिकेचा. पुष्कळ जण गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालत बसतात.

गाडी त्यांच्या नावावर असेल तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचं. गाडीचा विमाही त्याच वेळी नव्या नावावर घ्या, नाहीतर अपघाताच्या दाव्यात अडचण येते.

शेतजमिनीची वारस नोंद तीन महिन्यांत कळवायची असते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण काम लांबतं.

सोसायटीतल्या फ्लॅटचं नामांकन असेल तर नामनिर्देशिताने (नॉमिनीने) सहा महिन्यांत अर्ज करायचा.

गृहकर्ज चालू असेल तर हप्ता चुकवू नका. पण भरत राहण्याआधी कर्जाची फाईल काढून कर्ज घेताना विमा उतरवला होता का ते बघा. हप्त्यातच त्याची रक्कम मिसळलेली असते, त्यामुळे घरच्यांना पत्ता नसतो.

बाकी जवळजवळ सगळं महिनाभर थांबू शकतं. त्यांचा मोबाइल नंबर मात्र बंद करू नका. बँक, पीएफ, आयकर, गॅस, सगळ्यांचे ओटीपी त्यावर येतात. छोटं रिचार्ज मारत राहा आणि सवडीने नंबर घरातल्या कोणाच्या तरी नावावर करून घ्या.

---

गोदाकाठ

दाखल्याबद्दल भर घालतो, कारण पुढची निम्मी अडवणूक इथूनच सुरू होते.

रुग्णालयात मृत्यू झाला की तिथला फॉर्म रात्री-अपरात्री कोणीतरी चुलतभाऊ किंवा शेजारी आठवेल तसा भरून देतो. आधारवर ‘बाळासाहेब’, पॅनवर ‘बाळू’, सातबारावर ‘बाळकृष्ण’ आणि फॉर्मवर तिसरंच काहीतरी. मग बँक म्हणते, ही तीच व्यक्ती कशावरून? म्हणून फॉर्मसोबत आधारची झेरॉक्स जोडा आणि दाखला छापण्याआधी मसुदा वाचून घ्या: नाव, वडिलांचं आणि आईचं नाव, पत्ता, तारीख, जोडीदाराचं नाव. चूक राहिलीच तर त्याच निबंधकाकडे पुराव्यासह दुरुस्तीचा अर्ज करता येतो. तोवर अडलेल्या कामासाठी ‘या दोन नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र चालतं, पण ते ठिगळच. दुरुस्ती करून घेणं बरं.

मृत्यू घरी झाला असेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला त्याच दिवशी घ्या. स्मशानभूमीची पावतीही जपून ठेवा.

दाखल्याच्या मूळ प्रती दहा-बारा काढा. क्यूआर कोडचा असला तरी कित्येक ठिकाणी अजून शिक्क्याची प्रत मागतात. मूळ प्रत कुठेही सोडू नका. ‘पाहून परत केली’ असं लिहून घ्या आणि झेरॉक्स द्या.

---

कोरा_कागद

एक विचारायचं होतं. बँकेला कळलं की खातं गोठतं म्हणतात. मग कळवण्याआधी एटीएमने किंवा फोनवरून पैसे काढून घ्यावेत का? बरेच जण तसंच सांगतात.

---

पासबुक

नको. खातं एकट्याच्या नावावर असेल तर मृत्यूनंतर त्यांच्या कार्डाने किंवा यूपीआयने पैसे काढणं नियमबाह्य आहे. उद्या दीर-नणंदेने किंवा सावत्र वारसाने हरकत घेतली तर एकेका नोंदीचा जाब द्यावा लागतो. मृत्यूची तारीख आणि पैसे काढल्याची तारीख शेजारी-शेजारी छापून येतात. हिशेबनीसांनी नंबर चालू ठेवायला सांगितलंय ते माहितीसाठी, पैसे काढायला नाही.

संयुक्त खातं ‘दोघांपैकी एक किंवा हयात’ असं असेल तर हयात माणूस ते चालवू शकतो. फक्त दाखला देऊन दुसरं नाव कमी करून घ्या.

एकट्याच्या खात्यावर नॉमिनी असेल तर दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीची ओळख, एवढ्यावर पैसे मिळायला हवेत. शाखेने वारस दाखला मागितला तर ती मागणी लेखी द्यायला सांगा, सहसा ती तिथेच थांबते. नॉमिनी नसेल आणि कोर्टात वाद नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांप्रमाणे १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) कोर्टाच्या उत्तराधिकार प्रमाणपत्राशिवाय दावा निकाली काढायचा आहे. त्यासाठी हमीपत्र आणि इतर वारसांचं ना-हरकत लागतं. कागद पूर्ण दिल्यापासून बँकेला १५ दिवस. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कुठून?

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे स्वीकारतो आणि ते वारसांचे असतात. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विमा थोडा वेगळा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी जोडीदार, मूल किंवा आई-वडील असतील तर ती रक्कम त्यांच्याच हक्काची धरली जाते.

आता सगळ्यात जास्त सुटणारी गोष्ट. गेल्या दोन वर्षांचं पासबुक भरून आणा आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचा. मे-जूनच्या आसपास ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती, मृत्यू कशानेही आला तरी २ लाख. २० रुपये दिसले तर सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. दोन बँकांतून ४३६ कापले असले तरी विमा एकच मिळतो. दावा त्याच शाखेत, शक्यतो ३० दिवसांत. शिवाय विमा कंपनीचे हप्ते, म्युच्युअल फंडाचे हप्ते (एसआयपी), लॉकरचं भाडं, पतसंस्थेची आवर्ती ठेव, हे सगळं पासबुकात सापडतं. ‘त्यांनी काही सांगितलंच नव्हतं’ अशा घरात पासबुकासारखा साक्षीदार नाही.

---

रेवाळ

खाजगी नोकरीत असताना गेले तर पीएफचं काय करायचं? कंपनी म्हणते ऑनलाइन करा.

---

पासबुक

तीन वेगळे हक्क आहेत आणि फॉर्मही तीन. फॉर्म २० ने साठलेला पीएफ, १०-डी ने कुटुंब निवृत्तिवेतन, ५-आयएफ ने ठेवसंलग्न विमा. हा विमा जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत असतो आणि त्याचा हप्ता कंपनी भरते, त्यामुळे पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही आणि मागायचा राहून जातो. पेन्शनला दहा वर्षं नोकरी हवी हा समज नोकरीत असताना मृत्यू आला तर लागू नाही, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पत्नीला पेन्शन मिळते. २५ वर्षांखालच्या दोन मुलांना वेगळी पेन्शन, प्रत्येकी आईच्या पेन्शनच्या चौथ्या हिश्शाइतकी.

ग्रॅच्युइटीलाही मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांची अट नाही. कंपनीला हे पत्राने कळवा, फोनवर नको.

---

भाकरतुकडा

गावाकडचा प्रश्न. तेराव्यालाच भावकी म्हणते की मुलं लहान आहेत, जमीन घरातच राहू दे, हक्कसोडवर (आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर) सही कर, आम्ही सांभाळतो. बाईने काय उत्तर द्यावं?

---

सातबारा

ताई, उत्तर एकच: ‘वर्षश्राद्ध होईपर्यंत मी कशावरही सही करणार नाही.’ हे वाक्य वापरायला सोपं आहे, कारण त्यात नाही म्हटलेलं नाही आणि वर्षश्राद्धाचं नाव घेतलं की मोठी माणसं सहसा वाद घालत नाहीत.

कारण समजून घ्या. नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालं की ते मोडायला दिवाणी दावाच लावावा लागतो. ‘मला समजलं नव्हतं’ हे सिद्ध करणं फार कठीण. आणि अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलांचा हिस्सा आईलाही परस्पर सोडता किंवा विकता येत नाही, त्याला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातलं कलम ८ ते हेच. मुलांच्या वतीने सही मागणाऱ्याला हे कलम सांगा.

वारस कोण? हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांना समान हिस्सा. आई विसरली जाते. सून आणि नातवंडांची नावं लावून सासूला वगळलं की फेरफारावर (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीवर) तक्रार येते आणि दोन-दोन वर्षं नोंद लटकते. वडील हयात असले तरी वारसांच्या पहिल्या वर्गात येत नाहीत. पत्नीने पुढे पुनर्विवाह केला तरी आधीच मिळालेला हिस्सा परत जात नाही. भावकी उलट सांगते, म्हणून ठामपणे लिहितोय.

जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर दोन शक्यता. त्यांनी स्वतः घेतलेली असेल तर ते हयात असताना सुनेचा हिस्सा नाही. पुढे ते मृत्युपत्राविना गेले की आधी गेलेल्या मुलाचा वाटा सून आणि नातवंडांना मिळतो. वडिलोपार्जित असेल तर मुलाचा जन्मसिद्ध हिस्सा होता, त्यावर आज वारसांचा हक्क लागतो. त्यामुळे आधी जुने फेरफार काढा. सातबारावर नाव कोणाचं एवढ्यावरून यातलं काही ठरत नाही.

वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क संकेतस्थळावर अर्ज करायचा. सोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं-वयं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, वंशावळ आणि आठ-अ (जमिनीचा खातेउतारा). मग फेरफार नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. प्रतिज्ञापत्रात लग्न झालेल्या मुली लिहायच्या राहतात, नोंद नामंजूर होण्याचं हे नेहमीचं कारण. दोन गावांत जमीन असेल तर दोन्हीकडे वेगळा अर्ज. २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत अशा नोंदी गावोगावी घेतल्या जाताहेत, गावात शिबिर असेल तर काम लवकर होतं.

नोंद झाली की सातबारा ऑनलाइन काढून नाव शब्दशः तपासा. आणि हे पक्कं ध्यानात ठेवा: वारस नोंदीने वाटप होत नाही, नाव लागतं. नाव लावून घ्यायला घाबरू नका आणि वाटपाची घाई करू नका.

---

पुनवडी

शहरातल्या फ्लॅटचं: शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनीचं नाव लागलं म्हणजे फ्लॅट त्याचा झाला, ही समजूत चुकीची. सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली आलेल्या १५४-ब-१३ कलमाप्रमाणे नॉमिनी तात्पुरता सभासद होतो. कायम सभासद व्हायला मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा वारसांमधला कौटुंबिक करार लागतो. वारसाकडे हस्तांतर होताना सोसायटीला अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) मागता येत नाही. मागितलं तर लेखी मागायला सांगा.

नंतर मालमत्ता कर, महावितरण आणि गॅसच्या नोंदी बदला. यात घाई नाही, पण घर पुढे विकायचं झालं की वकील हे सगळे कागद एकत्र मागतो.

---

कोरा_कागद

एखादा वारस अमेरिकेत असेल आणि ना-हरकत हवं असेल तर?

---

पुनवडी

साध्या ना-हरकतीवर भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करून घ्यावी, किंवा तिथल्या नोटरीसमोर सही करून अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) करावं. कुलमुखत्यारपत्र असेल तर मूळ कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याला इथलं मुद्रांक शुल्क लावून घ्यावं लागतं. कुरिअरचं पाकीट तारखेच्या शिक्क्यासह जपून ठेवा, तोच पोचल्याचा पुरावा. स्कॅन करून ईमेलने आलेल्या प्रतीवर दुय्यम निबंधक काम करत नाहीत. आणि मुखत्यारपत्रात ‘सर्व अधिकार’ लिहू नका, कोणती मालमत्ता आणि कोणतं काम ते नेमकं लिहा.

---

निंबोणी

वैद्यकीय बाजू मांडते. कागदांच्या धाग्यात हे विषयांतर वाटेल, पण सह्या करणारं शरीर आधी उभं राहायला हवं.

जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मागे राहिलेल्याच्या आजारपणाचा आणि मृत्यूचाही धोका वाढतो, हे अनेक देशांत दिसून आलंय. कारणं साधी आहेत. स्वतःच्या बीपी-साखरेच्या गोळ्या चुकतात, झोप मोडते, पाणी आणि प्रथिनं कमी पडतात, नियमित तपासण्या राहून जातात. चाळिशी-पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये तीव्र मानसिक धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा एक प्रकार असतो, त्याची लक्षणं हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्याची. म्हणून छातीत दुखणं, धाप, घाम यांना ‘दुःखामुळे होतंय’ म्हणून घरी बसवू नका. ताबडतोब ईसीजी.

पहिले सहा आठवडे एवढं बघा:

गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा भरून ठेवा आणि तो रोज तपासायचं काम एका माणसाला नेमून द्या. ‘सगळे बघतील’ म्हटलं की कोणी बघत नाही.

भूक नसतेच, ताट वाढून आग्रह करू नका. दर तीन तासांनी अर्धी वाटी काहीतरी: मुगाचं कढण, दूध, अंडं, मऊ भात-वरण, शेंगदाण्याचा लाडू. सुतकातलं अळणी, एकवेळचं जेवण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाला धोक्याचं आहे, साखर एकदम उतरते.

झोपेच्या गोळ्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊ नका. डॉक्टरांनी दिल्या तरी थोड्या दिवसांपुरत्या. उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा, झोप लागो न लागो.

रडू येणं, माणूस असल्याचा भास होणं, एकाएकी राग येणं, गेलेल्या माणसावरसुद्धा, हे सगळं शोकाचाच भाग आहे. पण ‘मीही जाते’ असं बोलणं, खाणंपिणं पूर्ण सोडणं, मुलांकडे दुर्लक्ष होणं दिसलं तर वाट बघू नका. सहा महिन्यांनंतरही रोजचं काम अशक्य वाटत असेल आणि तीव्रता तसूभरही उतरली नसेल तर ती उपचार करण्याजोगी अवस्था आहे. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

आणखी एक. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या काय ठेवायचं ते तिचं तिने ठरवावं, तेही तिच्या वेळेने. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. घरातल्या मोठ्यांना समजावताना हा आधार द्या. जोडवी ओढून काढली जाताना शेजारी उभ्या असलेल्या एकाच बाईने ‘राहू द्या’ म्हटलं तरी फार फरक पडतो.

---

हिशेबनीस

निंबोणीताई, हे फार गरजेचं होतं.

विम्याची-पीएफची एकरकमी रक्कम येते तेव्हाचं लिहितो. पैसे खात्यात जमा झाल्या झाल्या बँकेतूनच फोन येतो, ‘मॅडम, चांगली योजना आहे’. पहिले सहा महिने नवीन विमा पॉलिसी, युलिप (शेअर बाजाराशी जोडलेला विमा), प्लॉट, नातेवाइकाला उसने, यातलं काहीही नको. घरखर्च मांडा: किराणा, वीज, फी, औषधं, हप्ते. सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात. उरलेली रक्कम सहा ते बारा महिन्यांच्या मुदत ठेवींत, एका बँकेत व्याजासह ५ लाखांच्या आत, कारण ठेव विमा तेवढाच आहे. पॉलिसी गळ्यात मारली गेलीच असेल तर कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

---

रेवाळ

थोडा असहमत. घरावर १४-१६ टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज असेल तर सहा महिने पैसे ठेवीत सडवण्यात काय अर्थ?

---

हिशेबनीस

कर्ज कोणाचं, यावर आहे. पत्नी सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर तुमचं बरोबर, महाग कर्ज आधी फेडावं. पण वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्ड फक्त गेलेल्याच्या नावावर असेल तर वारसाची जबाबदारी त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. वसुलीवाले याच दिवसांत फोन करतात आणि बाई घाबरून स्वतःच्या माहेरच्या पैशातून भरते किंवा ‘मी फेडेन’ असं लिहून देते. लिहून दिलं की जबाबदारी अंगावर आली. दाखल्याची प्रत देऊन लेखी थकबाकी विवरण मागा आणि कर्जाला विमा होता का हे लेखी विचारा. मग ठरवा.

---

भाकरतुकडा

ज्यांच्याकडे ना पीएफ ना विमा, त्यांच्यासाठी काही?

---

सातबारा

तहसील कार्यालयात दोन अर्ज एकदम करा. राष्ट्रीय कुटुंबलाभ: दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला तर एकदाच २०,००० रुपये. संजय गांधी निराधार: विधवेला महिना १,५०० रुपये, वय ६५ च्या आत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत. अर्ज अडतो तो उत्पन्नाच्या दाखल्यावर, कारण जुन्या दाखल्यात नवऱ्याची कमाई धरलेली असते. मृत्यूनंतरचा नवा दाखला काढून जोडा. बँक खातं तिच्या एकटीच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. सासऱ्यांसोबतचं संयुक्त खातं देऊ नका.

---

रेवाळ

पॅन आणि आयकर? ते गेले तर विवरणपत्र भरायचं का?

---

पासबुक

हो. त्या वर्षीच्या एक एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न करपात्र असेल किंवा टीडीएसचा परतावा यायचा असेल तर वारसाने भरायचं. आयकर संकेतस्थळावर स्वतःच्या लॉगिनमधून ‘कायदेशीर वारस’ म्हणून नोंदणी करा. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. मंजुरी यायला काही दिवस जातात, म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. मृत्यूनंतरचं ठेवींचं व्याज त्यांच्या नावावर दाखवायचं नाही. पॅन रद्द करायचं ते सगळ्यात शेवटी, परतावा हातात आल्यावर.

पत्नीला मिळणारी कुटुंब पेन्शन ‘इतर उत्पन्न’ सदरात धरतात. त्यातून एक तृतीयांश किंवा १५,००० (नव्या करपद्धतीत २५,०००), यातली कमी रक्कम वजा मिळते. विवरणपत्रात ती चुकून ‘पगार’ सदरात टाकली जाते, ते तपासा.

आणि हे सगळं उरकत आलं की बाईने स्वतःच्या खात्यांवरचे नॉमिनी बदलावेत. तिच्या ठेवींवर, पीएफवर, विम्यावर नॉमिनी म्हणून अजून गेलेल्या नवऱ्याचंच नाव असतं. नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी, कोणाला किती टक्के ते लिहून लावता येतात. मुलं अज्ञान असतील तर त्यांच्या वतीने रक्कम कोण घेईल, तेही नाव फॉर्मवर भरा.